तारे पाच, भरवसा किती?

संगणकावर किंवा मोबाइलवर गेम खेळताना दिसणारे झाड, पडका बुरूज, धावणाऱ्या सैनिकाच्या बुटांचा आवाज, पडद्यावरच्या बटणांची नक्षी हे सारे त्या गेमच्या कर्त्यानेच घडवले असेल, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. ऐतिहासिक नाटकाचे अंगरखे आणि जिरेटोप ज्याप्रमाणे ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने येतात, त्याचप्रमाणे गेमच्या धंद्यातही आयत्या सामानाची मोठी कोठारे उभी राहिली आहेत. या सामानाला 'ॲसेट' म्हणतात. त्यात त्रिमितीय आकृत्या येतात, पोत येतात, संगीत आणि ध्वनी येतात, तसेच शत्रूने वाट कशी शोधावी किंवा खेळाडूची प्रगती कशी जतन करावी, हे ठरवणारे तयार कोडही येते.

युनिटी या गेम-इंजिनाने आपले ॲसेट स्टोअर नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू केले. एपिक कंपनीच्या अनरियल इंजिनाची बाजारपेठ २०१४ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती 'फॅब' या नव्या दुकानात विलीन झाली. २०१३ पासून चालणाऱ्या इच डॉट आयओवर एकांडे कलावंत आपले सामान स्वतः ठरवलेल्या भावाने विकतात. पाच-दहा डॉलरपासून शंभर-दीडशे डॉलरपर्यंतचा माल येथे मिळतो. बडे स्टुडिओही ही खरेदी करतात. पण तिच्यावर खरा संसार चालतो तो दोन-चार जणांच्या चमूंचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम अनरियल इंजिनावर उभा करून २०२० मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्याकडील लहान चमूही या रिंगणात उतरू शकतात, हे अनेकांच्या प्रथमच ध्यानात आले. (अशा मंडळींना 'विकासक' म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु त्या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बिल्डर उभा राहतो, म्हणून येथे 'गेमकर्ता' हाच शब्द वापरला आहे.)

चाळीस डॉलरचे सामान वाईट निघाले तर चाळीस डॉलरच बुडतात, असे बाहेरच्याला वाटेल. प्रत्यक्षात ते सामान पायात घातलेल्या विटांसारखे असते. त्यावर सहा महिने बांधकाम झाल्यावर वीट ठिसूळ असल्याचे कळले, तर भिंत पाडावी लागते. म्हणूनच खरेदीपूर्वी कोणाचे तरी निःपक्ष मत मिळावे, ही गेमकर्त्याची निकड असते. आणि नेमके तेच मत दुर्मीळ आहे.

दात मोजता न येणारा बैल

बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरत असला, तरी घेणारा आधी बैलाचे दात मोजतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. ॲसेटच्या दुकानात बहुधा ही सोय नसते. दिसतात ती विक्रेत्याने निवडलेली चित्रे आणि त्यानेच तयार केलेली चित्रफीत. एकदा माल उतरवून घेतला की पैसे परत मिळणे अवघड. डिजिटल माल परत केला तरी त्याची प्रत घेणाऱ्याकडे उरू शकते, हे दुकानदारांचे म्हणणे अगदीच गैर आहे असेही नाही.

अशा बाजारात काय घडते, याची मीमांसा अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्येच जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून केली होती. गाडीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना मधलाच भाव देऊ करतो. तो भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे खटारा गाड्याच उरतात. या विवेचनाबद्दल २००१ मध्ये त्यांना अन्य दोघांसमवेत नोबेल मिळाले. हा घसरता क्रम थांबवायचा तर हमी, विक्रेत्याचे नाव किंवा जाणत्या तिऱ्हाइताचे मत यांपैकी काहीतरी लागते.

त्याच वर्षी फिलिप नेल्सन यांनी वस्तूंचे दोन वर्ग पाडले होते : पाहून पारखता येणाऱ्या आणि वापरल्यावरच कळणाऱ्या. पुढे १९७३ मध्ये डार्बी व कार्नी यांनी तिसरा वर्ग सांगितला, तो वापरूनही सहजासहजी न कळणाऱ्या वस्तूंचा. ॲसेटची गंमत अशी की तो एकाच वेळी तिन्ही वर्गांत मोडतो. चित्राची शैली पाहून कळते. ते चित्र आपल्या गेममध्ये शोभते का, फोनवर पेलते का, हे वापरल्यावर कळते. आतले कोड पुढच्या वर्षी टिकेल का आणि हे सामान मुळात विक्रेत्याच्या मालकीचे आहे का, हे वापरूनही कळत नाही. अभिप्राय लिहिला जातो तो बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यावर. सामान आणले, त्याच संध्याकाळी उघडून पाहिले, छान दिसले, पाच तारे दिले. खेळाडूची प्रगती जतन करणारे कोड दहा वस्तूंपुरते झटपट चालते आणि हजार वस्तू झाल्या की अडखळते, हे सहा महिन्यांनी लक्षात येते. पण तोवर अभिप्राय देऊन झालेला असतो आणि तो बदलण्यास सवड कोणाला असते?

जुन्या मालाचे तारे

ताऱ्यांच्या सरासरीबद्दल एकूणच सावध राहावे. ॲमेझॉनवरील अभिप्रायांचा अभ्यास करणाऱ्या तिघा संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की मतांचा आलेख इंग्रजी 'जे' अक्षरासारखा असतो : पाच तारे उदंड, एक तारा थोडे, मधली मते अत्यल्प. विकत घेणाऱ्याला वस्तू मुळातच आवडलेली असते आणि लिहिण्याचे कष्ट घेतो तो एकतर खूश झालेला किंवा चिडलेला. ठीकठाक वाटलेला माणूस गप्प राहतो. या सरासरीवरून मालाचा खरा दर्जा निघत नाही.

ॲसेटच्या बाबतीत त्यात संख्येच्या तुटपुंजेपणाची भर पडते. हॉटेलला हजारो अभिप्राय मिळतात. एखाद्या विशिष्ट कामाच्या ॲसेटला पाच-सात. सहा जणांनी पाच तारे दिलेले असताना सातव्याने एकच दिला, तर सरासरी पाचवरून ४.४ वर येते. विक्रेत्याच्या दृष्टीने हा मोठा फटका. मग तो नाराज ग्राहकाशी नम्रपणे संपर्क साधतो, दोष दुरुस्त करतो आणि मत बदलण्याची विनंती करतो. यात बेकायदा काही नाही, ग्राहकाचेही भलेच होते. पण दोष होता, हे नंतर येणाऱ्या वाचकाला कळत नाही.

याहून मोठी अडचण कालगणनेची आहे. आज दिसणारे तारे कोणत्या वर्षीच्या मालाला मिळालेले आहेत? युनिटीने २०१८ पासून चित्रण करण्याच्या नव्या पद्धती आणल्या. जुन्या पद्धतीसाठी लिहिलेले खास शेडर नव्या पद्धतीत चालत नाहीत आणि अशा वेळी युनिटी ती वस्तू भडक गुलाबी रंगात रंगवते. जंगल विकत घ्यावे आणि पडद्यावर गुलाबी झाडांची रांग उभी राहावी, हा अनुभव नवख्या गेमकर्त्यांना चांगलाच परिचयाचा आहे. साधे पोत आपोआप रूपांतरित करता येतात, खास शेडर मात्र पुन्हा लिहावे लागतात. युनिटीस्क्रिप्ट या भाषेला युनिटीने २०१७ मध्ये निरोप दिला, तेव्हा त्या भाषेत लिहिलेले सामान निकामी होण्याच्या वाटेला लागले. २०१८ मध्ये जुन्या नेटवर्क-प्रणालीचेही तेच झाले. त्या सामानाला पूर्वी मिळालेले तारे खोटे नव्हते, त्यांची मुदत संपली होती.

फुकट प्रतीचे मिंधेपण

दुकानातील अभिप्राय अपुरे म्हणून गेमकर्ता यूट्यूबकडे वळतो. तेथे सामान प्रत्यक्ष उघडून दाखवले जाते, ही मोठीच सोय. मात्र दाखवणाऱ्याला ते बहुधा फुकट मिळालेले असते आणि चित्रफितीखालच्या दुव्यावरून खरेदी झाली, तर त्याला कमिशन मिळते. असा परीक्षक लबाडच असतो, असे मुळीच नव्हे. परंतु न आवडलेल्या सामानावर तो बहुधा चित्रफीतच करत नाही. परिणामी चित्रफितींच्या ढिगात वाईट बोलणारी सापडत नाही. सवलतीच्या गठ्ठाविक्रीच्या दिवसांत तर परीक्षण कोठे संपले आणि जाहिरात कोठे सुरू झाली, हे सांगणे कठीण होते.

फुकट प्रतीमुळे मत किती झुकते, याचा एक बोलका पुरावा गेमच्या बाजारातच सापडतो. स्टीम हे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २०१६ मध्ये, स्टीमबाहेरून मिळालेली चावी वापरून उघडलेल्या प्रतींचे अभिप्राय एकूण गुणांकनात धरणे बंद केले. किमान १६० गेम असे आढळले होते, की ज्यांत चावीवाल्यांची मते इतर ग्राहकांपेक्षा लक्षणीयरीत्या अनुकूल होती. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉननेही मोफत वा सवलतीच्या मालाच्या मोबदल्यात लिहिलेल्या अभिप्रायांवर बंदी घातली.

कायदाही हळूहळू जागा झाला आहे. आपल्याकडे ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम, २०२० अन्वये विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांना आर्थिक संबंध उघड करण्याचे बंधन घातले. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. त्यात अभिप्राय लिहिणाऱ्याची पडताळणी कशी करावी, हे सांगितले असले तरी पाळणे ऐच्छिक ठेवण्यात आले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या अभिप्रायांवरील नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला, त्यात प्रत्येक भंगामागे ५० हजार डॉलरहून अधिक दंडाची तरतूद आहे. ब्रिटनमध्ये तशी बंदी एप्रिल २०२५ मध्ये आली. पण हे सारे कायदे खोट्या मताला आवर घालतात. प्रामाणिक परंतु उथळ मतावर कोणताच कायदा उपाय करू शकत नाही, आणि ॲसेटच्या बाजारातील मुख्य दुखणे तेच आहे.

टीकाकार कोर्टात

परखड लिहिण्याची किंमत काय असू शकते, हे एका गाजलेल्या खटल्यावरून दिसते. ब्रिटिश समीक्षक स्टर्लिंग यांनी २०१४ मध्ये 'द स्लॉटरिंग ग्राउंड्स' या गेमवर यूट्यूबवर कडक टीका केली. आयते सामान घाईघाईने जोडून बनवलेल्या गेमना त्यांनी 'ॲसेट फ्लिप' हे नाव रूढ केले होते. डिजिटल होमिसाइड या निर्मात्यांनी प्रथम कॉपीराइटच्या नावाखाली ती चित्रफीत उतरवण्याची मागणी केली आणि मार्च २०१६ मध्ये ॲरिझोनातील न्यायालयात एक कोटी डॉलरच्या भरपाईचा बदनामीचा दावा लावला. फेब्रुवारी २०१७ मध्ये, पुन्हा दाखल करता येणार नाही अशा रीतीने, तो निकाली निघाला. दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये याच निर्मात्यांनी स्टीमवरील शंभर वापरकर्त्यांविरुद्ध कारवाई सुरू केली, तेव्हा व्हॉल्व्हने त्यांचे सर्व गेम दुकानातून काढून टाकले. स्टर्लिंग यांच्या पाठीशी मोठा श्रोतृवर्ग होता. नागपुरात किंवा मडगावात बसून एखाद्या सदोष ॲसेटवर दोन परिच्छेद लिहिणाऱ्यापाशी तो नसतो.

या प्रकरणाने आणखी एक गैरसमज मात्र बळावला, तो म्हणजे आयते सामान वापरणे हीच लबाडी. सप्टेंबर २०१७ मध्ये व्हॉल्व्हने सिलिकॉन एको या एकाच स्टुडिओचे १७३ गेम एकदम हटवले, त्यामुळे त्याला खतपाणीच मिळाले. वास्तविक प्रश्न सामानाचा नव्हता, ते कसेबसे जोडून विकण्याचा होता. परंतु या कुप्रसिद्धीमुळे आपल्या गेममध्ये कोणते ॲसेट वापरले, हे उघडपणे सांगण्यास अनेक गेमकर्ते कचरतात. परिणामी, ज्यांनी ते सामान तीन वर्षे वापरून गेम पूर्ण केला, त्यांचे मत, म्हणजे सर्वांत मोलाचे मत, बाजारात येतच नाही.

न दिसणारा दोष

मालकीचा प्रश्न तर परीक्षणात क्वचितच येतो. छायाचित्रकार व डिझायनर ज्युडी ज्युरासेक यांनी जून २०२१ मध्ये कॅपकॉम या बलाढ्य जपानी कंपनीवर दावा लावला. त्यांच्या १९९६ च्या 'सर्फेसेस' या पुस्तकासोबतच्या सीडीवरील पोतांची छायाचित्रे कॅपकॉमने 'रेसिडेंट एव्हिल ४' आदी गेममध्ये परवान्याविना वापरली, असा त्यांचा आरोप होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये हे प्रकरण आपसात मिटले. फुटक्या काचेचा एक पोत पंचवीस वर्षांनी कोर्टात उभा राहू शकतो, हे यातून दिसले. कॅपकॉमपाशी वकिलांची फौज आहे. दोघांच्या चमूपाशी नसते. दुकानात चोरीचे सामान आढळले तर दुकान ते काढून टाकते, पण ते वापरून विकायला काढलेला गेम दुरुस्त करणे गेमकर्त्याच्याच माथी येते.

परवान्याचे बारकावेही वाचावे लागतात. फॅबवर वैयक्तिक आणि व्यावसायिक असे दोन दर आहेत आणि वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असणाऱ्याला दुसरा दर लागतो. युनिटीच्या दुकानातील काही साधनांचा परवाना माणशी असतो; चौघांनी वापरायचे तर चार घ्यावे लागतात. परीक्षणात 'किंमत वाजवी' असे लिहिलेले असते, ते लिहिणारा बहुधा एकटाच काम करत असतो. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. निव्वळ यंत्राने निर्माण केलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही, असे अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे असे सामान घेऊन बनवलेल्या गेममधील चित्रे दुसऱ्याने उचलली, तर तक्रार करण्यास आधारच उरणार नाही.

मग वाचायचे काय?

एका जागी बसून सर्व ॲसेटची निःपक्ष पारख करणारी संस्था निर्माण होणे कठीण आहे. सामान पदराचे पैसे घालून विकत घ्यायचे, आठवडेच्या आठवडे वापरायचे, आणि ते परीक्षण वाचणारे मोजके. हा व्यवहार जमत नाही. तेव्हा गेमकर्त्याला तुकड्यातुकड्यांनीच सत्य गोळा करावे लागते.

सर्वांत विश्वसनीय कागद म्हणजे सामानाच्या बदलांची नोंदवही. शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, इंजिनाची नवी आवृत्ती आल्यावर विक्रेत्याने किती दिवसांत सामान जुळवून घेतले, हे त्यात दिसते आणि ते सहसा खोटे लिहिता येत नाही. त्याखालोखाल तीन ताऱ्यांचे अभिप्राय. त्या माणसाला राग आलेला नसतो आणि भुरळही पडलेली नसते. त्याने काय चालले आणि काय नाही, हे नेमके सांगितलेले असते. विक्रेत्याने त्याला दिलेले उत्तरही वाचावे. 'पुढील आवृत्तीत सुधारू' असे दोन वर्षांपूर्वीचे उत्तर आणि नोंदवहीत त्या सुधारणेचा पत्ता नाही, यावरून जे समजायचे ते समजते. सामानासोबतची माहितीपुस्तिका खरेदीपूर्वी वाचायला खुली असेल तर उत्तम. ती नसेल, किंवा चार ओळींची असेल, तर कोड असलेले सामान घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर्ण झालेल्या गेमची श्रेयनामावली हा दुर्लक्षित राहिलेला स्रोत आहे. शेवटी झरझर वर सरकणाऱ्या त्या यादीत पुष्कळदा ध्वनी, फॉन्ट आणि तयार साधने यांची नावे असतात. ज्या साधनाचे नाव चार वेगवेगळ्या प्रकाशित गेममध्ये आढळते, ते निदान शेवटपर्यंत टिकले, एवढे सिद्ध होते. गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधील 'पोस्टमॉर्टेम' व्याख्यानांतही काय फसले, याची मोकळी कबुली ऐकायला मिळते. गोदो या मुक्त इंजिनासाठीचे बहुतेक सामान उघड्या कोडाच्या स्वरूपात असल्याने न सुटलेल्या तक्रारींची यादीच सर्वांसमोर असते. विकाऊ सामानाला ही कसोटी सहसा द्यावी लागत नाही.

चित्रांपुरते बोलायचे तर पैसे न देताही सुरुवात करता येते. पॉली हेवन आणि नेदरलँड्समधील केनी यांचे सामान सीसी झीरो या सर्वांत मोकळ्या परवान्याखाली मिळते. ओपनगेमआर्ट आणि फ्रीसाउंड येथे मात्र प्रत्येक वस्तूचा परवाना निराळा असतो. कोठे कर्त्याचे नाव देणे पुरते, तर फ्रीसाउंडवरील काही ध्वनी व्यावसायिक कामाला चालतच नाहीत.

आणि सामान हाती आल्यावर ते थेट चालू गेममध्ये टाकू नये. एक रिकामा प्रकल्प उघडावा, त्यात ते एकटे ठेवावे आणि ज्या फोनवर गेम चालवायचा तो, शक्यतो जुना व स्वस्त, जोडून मोजमाप घ्यावे. एका दृश्यात किती त्रिकोण आहेत, पोतांनी किती स्मृती व्यापली, दर सेकंदाला किती चौकटी मिळतात, हे युनिटी आणि अनरियल दोन्ही इंजिने आकड्यांत सांगतात. त्यानंतर एका गोष्टीच्या हजार प्रती करून पाहाव्यात. या एका संध्याकाळीत जे कळते, ते पन्नास अभिप्राय वाचून कळत नाही.

खरेदीच्या दिवशीचा परवाना तारखेसह उतरवून ठेवण्याचा कंटाळा मात्र करू नये. दुकानाच्या अटी बदलतात. युनिटीने २०१९ मध्ये अटींतील बदल सर्वांना पाहता यावेत म्हणून गिटहबवर त्यांची नोंद ठेवली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे आकार लावण्याची घोषणा झाली आणि गेमकर्ते जुन्या अटी शोधू लागले, तेव्हा ती नोंद तेथे नव्हती. पाहणारेच फार थोडे होते म्हणून ती काढली, असा खुलासा कंपनीने केला आणि ती परत उपलब्ध करून दिली. तो आकार वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, रद्दही झाला. मधल्या काळात ज्यांच्यापाशी जुन्या अटींची स्वतःची प्रत होती, त्यांना आपण कोणत्या कराराने बांधलेलो आहोत, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागले नाही.